आपलंच घर समजा

माझ्या हातून झालेल्या मूर्खपणांची रांग लावली तर ती दांडीच्या किनाऱ्यापासून चिंचणीच्या बाजारापर्यंत जाईल. पण पहिला नंबर कुणाचा, यावर आमच्या घरात कधी वाद झाला नाही. विशीत असताना मी एका बाईला तिचंच घर फिरवून दाखवलं. खोल्या दाखवल्या, मोरी दाखवली, अंगणातल्या लिंबोणीबद्दल एक थाप मारली, गोड पोहे खायला घातले आणि वर हसून म्हटलं, "लाजू नका, आपलंच घर समजा."

हे तुम्हा भारतात मागे राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांना, दोघांनाही सांगतेय. दोघांनाही वाटत असतं की दुसऱ्याला जास्त मिळालं. मला तर उठल्यापासून झोपेपर्यंत वाटतं. जळणं हा माझा जुना उद्योग आहे आणि या वयातही त्यात हात चांगला चालतो.

आधी निघण्याचं सांगते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. मूळचे अलिबागकडचे. पप्पा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. त्यांची तारापूरजवळच्या एका मच्छीमार गावात बदली झाली आणि समुद्र बघून ते तिथेच रमले. जागा घेऊन घर बांधलं. भिंती उभारायला शेजारचा मांगेला नाखवा होता, त्याची मुलगी जनी माझ्याच वयाची. सगळ्या गावात शनिवारी चूल न पेटणारं घर आमचं एकटंच. शुक्रवारी दुपारपासून जनीची आय कुंपणावरून मला हाक मारून ओरडायची, "रिबके, पानी आजच भरून ठेव, उद्या तुमचा देव बसून ऱ्हातो!"

मग एक दिवस पप्पांनी जाहीर केलं, "आपण आपल्या घरी जायचं." मी इकडेतिकडे पाहिलं. घरीच तर होतो. पण अलिबागचे काका इस्रायलला गेले होते, ठाण्याचे मामा गेले होते, दर पत्रात 'आपला देश' असायचा आणि अठराव्या वर्षी विमानात बसायला मिळत असेल तर मी कुठल्याही देशाला आपला म्हटलं असतं.

निघायच्या सकाळी पप्पांनी दाराच्या चौकटीवरचा मेझुझा उतरवला. शास्त्रवचनाची ती छोटी डबी आमच्या प्रत्येक घराच्या दाराला असते, आत जाता-येता बोट लावून बोटाचं चुंबन घ्यायचं. ती निघाली आणि लाकडात खिळ्यांची दोन भोकं राहिली. घराची किल्ली पप्पांनी नाखव्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "घर रिकामं ठेवू नये, वाळवी लागते. तुम्ही राहा." झालं. खरेदीखत नाही, काही नाही.

बोईसर स्टेशनावर जनीच्या आयने सुक्या बोंबलांची पुरचुंडी दिली. "बोंबीलच हायेत, सोडे नाय घातले, तुमाला चालत नाय." जनी रडत होती. मी नव्या सँडल घालून उभी होते आणि फार मोठ्या घरच्या बाईसारखी म्हणाले, "रडतेस काय, मी माझ्या घरी चाललेय."

जनीने पदराने नाक पुसलं. "मंग आतापरत कुटं व्हतीस गो?"

तेवढ्यात गाडी आली आणि मी खिडकीची जागा धरायला धावले. बरं झालं.

इस्रायलमधल्या लोद शहरात गेल्यावर वर्षाच्या आत माझं लग्न झालं. सासरची माणसं मुंबईची, आमच्यातलीच, पंधरा वर्षं आधी तिकडे गेलेली. इतर सगळे सिमेंटच्या एकसारख्या ब्लॉकमध्ये, त्याला तिकडे हिब्रूत 'शिकून' म्हणतात. आमचं मात्र जुनं दगडी घर, कमानीचं, जाड भिंतींचं, अंगणात लिंबोणी. माझे आईवडील तिसऱ्या मजल्यावर कबुतरांसारखे राहत होते आणि मी राणीसारखी. घर आधी कुणाचं होतं हे मी विचारलं नाही. शेजारची बल्गेरियाची बाई मला विचारायची, "तुम्ही इतके सावळे, खरंच यहुदी का?" तिला उत्तर देण्यातच माझी सगळी हिब्रू संपायची.

तर तो दिवस. माझ्या नणंदेचं, एस्तेरचं, लग्न ठरत होतं. मुलगा बगदादहून आलेल्या यहुदी घराण्यातला. ती माणसं आपसात अरबी बोलतात एवढं मला माहीत होतं. मुलाची आई आणि बहीण घर बघायला यायच्या होत्या. सासूबाई एस्तेरला घेऊन बाजारात गेल्या आणि जाताना मला बजावून गेल्या, "लवकर आल्या तर बसव. गोड बोल. घर नीट दाखव. आणि तोंड जरा कमी चालव." चारातल्या तीन गोष्टी मी केल्या.

सहा दिवसांचं युद्ध नुकतंच संपलं होतं. इतकी वर्षं बंद असलेली हद्द उघडली होती, पलीकडची अरब माणसं इकडे येऊन जुन्या गल्ल्यांतून फिरत होती. हे मी ऐकलं होतं. पण माझं लक्ष वन्संच्या लग्नात मला साडी मिळणार की झगा, याकडे.

दार वाजलं. बाहेर दोन बायका. म्हातारीच्या काळ्या झग्यावर छातीशी लाल कशिदा. बरोबरची तिशीची, हातात पर्स, इंग्रजी बोलणारी. तारापूरच्या मास्तरांनी शिकवलेलं इंग्रजी मला चांगलं येत होतं. ती संकोचून म्हणाली, "माझी आई घर बघायला आली आहे. चालेल का?"

"चालेल? आम्ही सकाळपासून तुमचीच वाट बघतोय!"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

मी पुढे झाले. खरं तर म्हातारीच पुढे झाली. मी वळायच्या आधी ती वळायची. स्वयंपाकघराच्या पायरीशी तिने न बघता झगा उचलला. मी त्या पायरीला तोवर दहादा ठेचकाळले होते. आतल्या खोलीत भिंतीत कोनाडा होता, त्यात माझी लोणच्याची बरणी. तिने बरणी उचलून खाली ठेवली, कोनाड्यात हात फिरवला आणि बरणी परत होती तशी ठेवली. मी मनात म्हटलं, काय चौकस सासू आहे, एस्तेरचं काही खरं नाही.

अंगणात मी लिंबोणीखाली थांबले. "हे झाड माझ्या सासऱ्यांनी लावलं," म्हणून ठोकून दिलं. माझ्या सासऱ्यांच्या हातून कुंडीत कोथिंबीर उगवत नव्हती. मुलीने आईला सांगितलं. म्हातारी काहीतरी एवढंसं पुटपुटली. ते मुलीने मला सांगितलं नाही.

मग मी मलिदा आणला. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची. शुभकार्याला आमच्यात करतात. म्हातारी बशी मांडीवर घेऊन बसली, खाईना. तेव्हा मी कमरेत वाकून, माझ्या आईच्या आवाजात, ते वाक्य म्हटलं. आपलंच घर समजा.

मुलीने ते आईला सांगितलं. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग पोहे खाल्ले. मला वाटलं, जिंकलं. घर पसंत. मी विचारलं, "मुलगा काय करतो आपला?"

"कुठला मुलगा?" मुलगी म्हणाली.

आणि मग तिने हळूहळू, मला इंग्रजी कळेल असं सांगितलं. ती या आतल्या खोलीत जन्मली होती. ती झाली तेव्हा आईने लिंबोणी लावली. हा देश झाला त्या वर्षीच्या जुलैत सैनिकांनी त्यांना शहराबाहेर काढलं, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. उन्हातून पायी गेले. वाटेत लोक पाण्यावाचून पडले. आईने डाळ भिजत घातली होती आणि वाटभर ती म्हणत होती, संध्याकाळपर्यंत परतलो नाही तर डाळ आंबेल. आता ते हद्दीपलीकडे रामल्लाला राहत होते.

हे सांगून होतंय तोच सासूबाई आल्या. दारातूनच त्यांना कळलं. गल्लीत आणखी दोन घरांत असे लोक येऊन गेले होते. त्यांनी पिशवी ठेवली, एस्तेरला आत पाठवलं आणि चहा टाकला. चौघींनी तो घेतला. निघताना म्हातारीने लिंबोणीचं एक पान चुरगळून हुंगलं, झग्याच्या गळ्यात ठेवलं आणि मला काहीतरी म्हणाली.

"आई म्हणते," मुलगी म्हणाली, "घर स्वच्छ ठेवलंयस."

तुम्हाला वाटेल, मला वाईट वाटलं. वाटलं, पण नंतर. आधी मी पेटले. मी झाडलं, मी पुसलं, मी पायरीला ठेचा खाल्ल्या आणि ही येऊन मला शाबासकी देणार? त्या दिवसापासून ती माझी सवत झाली. घराची पहिली बायको. मी दिवा लावला की वाटायचं, हा कोनाड्यात छान दिसला असता. लिंबू तोडलं की वाटायचं, झाड मोजून देतंय. नवऱ्याने दुसऱ्या कुणाकडे बघितलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. भिंतींशी कशी भांडू?

सासूबाई पुढे कितीतरी वर्षं मधूनच म्हणायच्या, "सरकारनं दिलं. आपण कुणाच्या हातातून ओढून घेतलं नाही." कुणी विचारलेलं नसायचं. आणि खऱ्या मुलाची खरी आई दुसऱ्या दिवशी आली, तीही कोनाड्यासमोर थांबली. "आमच्या बगदादच्या घरात असाच होता," म्हणाली. त्यांना एकेक पेटी घेऊन निघावं लागलं होतं. तिच्याही घरात कुणीतरी राहत असणार. कुणाच्या घरात कोण, आणि त्याच्या घरात कोण, असा विचार करायला बसलं की माझं डोकं गरगरायचं. मग मी उठून अंगण झाडायचे. आणखी स्वच्छ.

पुढच्या उन्हाळ्यात त्या परत आल्या. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. म्हातारी काठीवर. मुलीने तीनदा दार वाजवलं. मी पोराला छातीशी धरून कडीला पाठ लावून उभी राहिले. त्यात राजकारण नव्हतं, भीतीही नव्हती. झाड लिंबांनी लगडलं होतं आणि ते तिला दिसावं असं मला वाटत नव्हतं.

त्या परत आल्या नाहीत.

मुलं हाताशी आल्यावर मी पहिल्यांदा भारतात आले. तोवर समुद्रकाठी अणुवीज केंद्राच्या मोठ्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, बोईसरला कारखाने, रस्त्यात सगळीकडे हिंदी. आमचं गाव मात्र होतं तिथेच, आणि आमच्या घरात जनी. नवरा, तीन मुलं, ओटीवर जाळी. मला बघून धावत आली, गळ्यात पडली आणि माझा हात धरून मला माझं घर दाखवायला लागली. "ही खोली आमी पाडून मोटी केली. ह्यो ओटा नवीन. बस गो, लाजतेस काय, आपलंच घर समज!"

मी तिच्यापुढे चालत होते. ती वळायच्या आधी मी वळत होते. दाराच्या चौकटीवर तिने आंब्याच्या पानांचं तोरण लावलं होतं. मी ते बाजूला सारून बोट घातलं, दोन्ही भोकं होती. जनी बघत होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी बोलले, आणि शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं की हे मी आधी ऐकलंय.

"घर स्वच्छ ठेवलंयस हो."

जनीला त्यात काहीच लागलं नाही. ती खूश झाली. तिच्या खूश होण्याचाही मला राग आला. तिला समुद्र, तिला ओटी, तिला माझ्या खिडकीतला वारा. आणि माझं मन एवढंसं.

आणखी काही वर्षांनी केंद्र वाढवायचं ठरलं आणि गाव उठवलं. जनीने फोनवर सांगितलं, घरं पाडली, जागेला कुंपण पडलं, त्यांना आत, समुद्रापासून लांब, वसाहतीत नंबरची घरं दिली. लिहायला लाज वाटते, पण लिहिते: ते ऐकून पहिला क्षणभर मला बरं वाटलं. आता तुझंही गेलं. दुसऱ्या क्षणी रडले. तिसऱ्या क्षणी पुन्हा जळले, कारण जनीचं घर गेलं तर सगळं गाव तिच्याबरोबर रडायला होतं. माझं गेलं तेव्हा मी नव्या सँडल घालून हसत होते.

आता अलीकडचं. ऑक्टोबरमधल्या त्या शनिवारच्या हल्ल्यात आमच्या गल्लीतल्या एका घरचा नातू गेला. त्यानंतर गाझात जे चाललं ते टीव्हीवर लागलं की मी बंद करते, आणि चहा करून आले की परत लावते. लोक घरं सोडून चाललेले दिसतात, गादी डोक्यावर, पोरं कडेवर. त्यातली प्रत्येक म्हातारी मला ओळखीची वाटते. रॉकेटच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की पलीकडच्या अरब शेजारणीबरोबर तिच्या जिन्याखाली बसते. आम्ही दोघी गुडघेदुखीबद्दल बोलतो.

अशात एके दिवशी फोन आला. एका बाईचा आवाज, इंग्रजीत. नाव रीम. कॅनडात राहते. नंबर आमच्या गल्लीतल्या बेकरीवाल्याने दिला. म्हणाली, "माझी आजी सांगायची, त्या घरात हिंदुस्थानातली एक मुलगी होती. तिने खोबरं घातलेलं काहीतरी गोड दिलं आणि म्हणाली, हे तुमचंच घर. आजी ते सांगून दर वेळी हसायची. आई आता आजारी आहे. मी पुढच्या महिन्यात येतेय, मला झाड बघायचंय. ती मुलगी आहे का?"

मी म्हटलं, "ती बाहेर गेलीय."

आणि खोटं बोलल्याचं पाप नको म्हणून खरंच बाहेर गेले. विमानं सुरू होती तेवढ्यात तिकीट काढलं आणि थेट बोईसरला, जनीच्या दारात.

माझ्या मुलीचं म्हणणं ठाम आहे, "आई, या दिवसांत अनोळखी माणसाला घरात घ्यायचं नाही. आज झाड बघेल, उद्या घर मागेल." तिचं चुकत असेल असं मी म्हणत नाही, तीही त्याच घरात जन्मलीय. पण माझं दुखणं निराळं. त्या पोरीने ते घर कधी बघितलेलंही नाही आणि ती समुद्र ओलांडून येतेय. माझी नातवंडं? तारापूर म्हणजे काय हे एकालाही विचारावंसं वाटत नाही. मेलेल्या म्हातारीला अशी नात मिळावी, आणि मला शुक्रवारच्या जेवणाला तीनदा फोन करावा लागावा! मला तिला दार उघडायचं नाही. आणि न उघडता मरायचंही नाही.

हे सगळं मी जनीला तिच्या नंबरच्या घराच्या ओट्यावर सांगितलं. ती करंदी निवडत होती, मी लांबून बसले होते. पोह्यांचा भाग आला तेव्हा ती हसून लोळेल असं मला वाटलं होतं. सगळे लोळतात. जनी हसली नाही.

"दुसऱ्यांदा आली तवा कडी लावून उबी ऱ्हायलीस?"

"हो."

"किती येळ?"

"ती जाईपर्यंत."

जनीने सूप खाली ठेवलं. मी म्हटलं, "तूच सांग, काय करू? तुलाही घर सोडावं लागलं, मलाही. तुला कळेल."

"तुला कुटं सोडावं लागलं? तू तं नाचत गेलीस." मग हात पदराला पुसून ती माझ्याजवळ सरकली. तिच्या हाताला करंदीचा वास होता, साठ वर्षांपूर्वीच्या गावाचा. मला त्याचाही हेवा वाटला. आणि ती जे म्हणाली ते मी जसंच्या तसं लिहून ठेवते, कारण उद्या मला रीमला फोन करायचाय आणि तेव्हा ते जवळ हवं:

"दर नारळी पुनवेला मी नारळ घेऊन त्या कुंपनाच्या फाटकापाशी जाते. वाचमन इचारतो, अम्मा, किधर जाना है? मी सांगते, मेरे घर. पोरगा चांगला हाय, मला बसाया खुर्ची देतो, पानी देतो, पन फाटक उघडायचं त्याच्या हातात नाय. तुज्या दाराची कडी तं तुज्याच हातात हाय ना गो?"